नाकाच्या जागी चिठ्ठी

१

गुरुवारी सकाळी गाडीचं नाक जागेवर नव्हतं.

बाकी सगळी गाडी होती. सत्तर वर्षांपूर्वी शर्यतीत पळालेली, बसकी, दोन माणसांपुरती गाडी. नव्यानं घडवलेल्या अंगावर अजून रंगाचा थेंब नाही, नुसता अ‍ॅल्युमिनियमचा उघडा पत्रा. शेपटी होती, दोन्ही कुशी होत्या, बोनेट होतं. पुढून मात्र रेडिएटरच्या नळ्या उघड्या पडल्या होत्या, कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारख्या. आणि शेजारच्या लाकडी घोडीवर, जिथे ते नाक असायचं, तिथे लाकडी हातोडीखाली एक चिठ्ठी दाबून ठेवलेली होती.

वच्छलाबाई इंगोले त्या वेळी आपल्या दारात गोपद्मं काढत होत्या. यंदाच्या चातुर्मासात त्यांनी तीन नेम धरले होते. रोज तेहतीस गोपद्मं, रोज पोथीचा एक अध्याय आणि तोंडातून कोणाचीही निंदा नाही. पहिले दोन सोपे. तिसऱ्यानं भाद्रपद संपेपर्यंत त्यांना पार थकवलं होतं. बाई मुळातच हळू बोलणाऱ्या, पण एकतीस वर्षं दर्यापूरच्या पोस्टात काढलेल्या माणसाला गावातल्या प्रत्येकाचं काही ना काही ठाऊक असतं. ते पोटात ठेवायचं म्हणजे अवघडच.

सत्ताविसावं गोपद्म झालं आणि त्यावर एक पाय पडला.

पाय जानरावांचा होता. अमरावतीच्या त्या गल्लीत त्यांची पत्राकामाची शेड आणि वच्छलाबाईंचं घर यांत फक्त एक भिंत. बारा वर्षं जानराव तायडे त्या रांगोळीला वळसा घालून, चपला हातात घेऊन यायचे. आज ते सरळ आत आले. मागे राखाडी पाऊल उमटलं. अ‍ॅल्युमिनियमची पूड त्यांच्या तळव्यांत कायमची मुरलेली होती. त्यांच्यासाठी ठेवलेला कपसुद्धा घासून घासून राखाडीच राहायचा.

"वच्छलाबाई, मले एक सांगा," ते म्हणाले. "मी येडा होऊन राहिलो का?"

"बसा पह्यले, जानरावभाऊ. पानी घ्या."

"पानी नोको. हे वाचा."

चिठ्ठी काळ्या मार्करनं लिहिलेली होती. जाड, सुटी, चौकोनी अक्षरं. जानराव पत्रा बेतायच्या आपल्या पुठ्ठ्याच्या फर्म्यांवर लिहायचे तश्शीच.

*गजेंद्रभाऊ, मले माफ करा. माह्या हातानं नाक फाटलं. हात आता काम करून नाही राहिले. म्या ते नाक तोडून भंगारात देल्लं. मले काई इचारू नोका. गाडी घेऊन जा. — जानराव.*

वच्छलाबाईंनी दोनदा वाचली. जानराव समोर उभे राहून बोलत असल्यासारखं वाटत होतं. त्यांचाच आवाज, त्यांचीच लकब.

"तुमी लिवली?"

"तेच तं! अक्षर माहं. बोलनं माहं. पन लिवल्याची याद नाही." जानराव भिंतीला टेकत खाली बसले. "काल दामिनीनं मले दर्यापूरले दवाखान्यात नेलं होतं. हाताच्या थरथरीपायी. संध्याकाळी आलो, डॉक्टरनं देल्ली ते गोळी घेतली अन् दिवा न लावताच शेडमंधी खाटेवर पडलो. सकाळी उठलो तं हे. मधातलं काईच याद नाही. म्या उठून माहंच काम माह्या हातानं तोडलं असंन का, बाई?"

माणसांच्या डोळ्यांत चोराची भीती वच्छलाबाईंनी पुष्कळदा पाहिली होती. अडुसष्ट वर्षांच्या जानरावांच्या डोळ्यांत स्वतःचीच भीती पहिल्यांदा पाहत होत्या.

२

शेडमध्ये त्या गेल्या तेव्हा नितेश, जानरावांचा पुतण्या, फोनवर भंगारवाल्यांना विचारत होता. तिसरा फोन झाल्यावर त्यानं मोबाईल खिशात कोंबला.

"कोनाकडेच नाही, मावशी. एवढं मोठं धूड कोनी घेतलं असतं तं याद नसती राहिली का?"

"काल तू कोठी होता रे?"

"बडनेऱ्याले. गेटचं वेल्डिंग होतं. शेड बंद. चाबी नेहमीसारखी दाराबाहेरच्या वाळूच्या पिशवीखाली." तो हसला, पण वरवर. "साऱ्या गावाले मालूम हाये चाबी कोठी रायते. घ्या, करा माह्यावर शक. मी तं दोन सालापासून म्हनून राहिलो, काका, हे कारागिरी सोडा, अपघाताच्या गाड्यांचे डेंट काढू. रोज दहा गाड्या येतीन. पन बुढा ऐकते का? एका नाकाले चार महिने!"

"चार महिने काहून लागले?"

"काहून का? पत्र्याले साबन लावा, गॅसनं तापवा. साबन चहाच्या रंगाचा झाला का थांबा. एक पळ इकडे-तिकडे झाला तं पत्रा गेला. मंग वाळूच्या पिशवीवर ठोका. पुन्हा तापवा, पुन्हा ठोका. बोट फिरवून पाहा. काकाले बोटानं दिसते." नितेश बोलता बोलता स्वतःच थांबला. त्याच्या आवाजात राग होता, पण त्याखाली दुसरंही काही होतं. "आतून तीन टिंबं बी मारून झाले होते, मावशी. काका टिंबं तवाच मारते जवा काम संपते. एक उस्तादाचं, एक माहं, एक पत्र्याचं, म्हनते."

वच्छलाबाईंनी मान हलवली. संपलेलं काम रात्री उठून पुन्हा कोण तापवायला घेईल? पण गोळी घेतलेला, भांबावलेला माणूस काय करील याचा काय नेम?

दामिनी दर्यापूरहून पहिल्या जीपनं आली. ती तिथल्या दवाखान्यात नर्स होती. शेडमध्ये शिरताच तिनं वडिलांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले, पेशंटचे पाहावेत तसे.

"बाबा, आता बस. झालं ना हे? आता तरी ऐका."

"तू बी असंच समजते का, का म्या तोडलं?"

दामिनीनं त्यांची नाडी धरली. ते नाडी धरणं जानरावांना चिठ्ठीपेक्षा जास्त लागलं. ते उठून मागच्या दारी गेले.

"दामिनी," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "बाबानं काम सोडावं असं तुले कधीपासून वाटते?"

मुलीनं झटकन वर पाहिलं. "काकू, म्हनजे मीच नाक लपवलं असं म्हनून राहिल्या का?"

"मी काईच म्हनून नाही राहिली, बाई. माहं व्रत हाये."

"मले वाटते त्यांनी सोडावं. हो, वाटते. पन असं नाही. काल डॉक्टर म्हनाले, थरथर वयाची हाये, डोक्याचं काई नाही. आता हे पाहून ते काय म्हनतीन? डोक्याच्या डॉक्टरची तारीख घ्या, असंच म्हनतीन ना?"

तेवढ्यात जानरावांचा फोन वाजला. नितेशनं उचलून स्पीकर लावला. अकोल्याहून गाडीचे मालक गजेंद्रभाऊ बोलत होते. त्यांची जिनिंग प्रेस मोठी आणि त्यांचा आवाज प्रेसच्या यंत्रावरून बोलायची सवय असलेला.

"नितेश! तू चिठ्ठीचा फोटो पाठवला तो खरा का बे? नाक भंगारात? माह्या आजोबाच्या गाडीचं नाक? उद्या सकाळी ट्रक पाठवतो. गाडी पुन्याले जाईन. महिनाअखेर तिथं जुन्या गाड्यांचा मेळा हाये, अन् मी साऱ्या दुनियेले सांगून बसलो का बनवनारा मिस्त्री गाडीजोळ उभा राहीन! आता काय उभं करू, चिठ्ठी?"

फोन बंद झाला. मागच्या दारातून जानरावांनी ऐकलं होतं.

"गाडीचं नाक गेलं," ते म्हणाले, "अन् माहं बी."

वच्छलाबाईंना एका जागी उभं राहवेना. पदर खोचून त्या म्हणाल्या, "दामिनी, तू बाबाजोळ थांब. मी अकोल्याले गजेंद्रभाऊले भेटून येते."

३

एस.टी.त खिडकीजवळ बसूनही जीव थाऱ्यावर नव्हता. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी चिठ्ठी पिशवीतून चार वेळा काढली. काहीतरी खटकत होतं. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं, जीभ सारखी तिथेच जात होती. पण हाती लागत नव्हतं.

गजेंद्रभाऊंचा बंगला जिनिंगच्याच आवारात. हंगाम अजून सुरू व्हायचा होता. गोदामाला कुलूप, बाहेर जुन्या बारदानाची चळत. अंगणात एक बाई दोरीवर टाकलेली गादी काठीनं बडवत होती आणि गादीशीच भांडत होती.

"काय झालं, बाई?"

"काय व्हायचं! मी पार्बताबाई, घरचं पाह्यते. हे ओसरीवरच्या दिवानाची गादी. कोनी काल जीपमंधी टाकून नेली अन् आनून फेकली. पाहा, कोनी तवा ठेवला का काय याच्यावर!"

पांढऱ्या खोळीवर एक मोठा काळसर वेढा उमटला होता. लांबट, अंड्यासारखा. ठिकठिकाणी घासल्यासारखा.

"जीप कोठी गेली होती?"

"अमरावतीले म्हने. कोनी नेली ते मले काय मालूम? मी भाकरी करत होती. मालकाची जीप, पन चाबी खुट्टीवर. जो तो नेते."

वच्छलाबाईंनी बोट त्या काळ्या कडेवरून फिरवलं आणि उलटून पाहिलं. काजळी नव्हती, तेल नव्हतं. राखाडी, गुळगुळीत, नखाच्या कडेला बसणारी.

हा रंग त्या बारा वर्षं कपावरून घासत होत्या.

"पोस्टबाई! तुमी इकडे?" ओसरीवरून गजेंद्रभाऊंची हाक आली. वच्छलाबाईंनी बोट पदराला पुसलं.

ओसरीवर गजेंद्रभाऊंबरोबर प्रीतम बसला होता. पुण्याचा, चाळिशीचा, जुन्या गाड्या नव्या करून देण्यातला जाणकार. गाडीचे जुने नकाशे त्यानंच शोधून आणले होते आणि चार महिने तो अकोल्यातच मुक्कामाला होता. बाईंना पाहताच त्यानं उठून खुर्ची दिली.

"या काकू, बसा. जानरावकाकांचं ऐकून फार वाईट वाटलं हो. माणूस म्हणजे खजिना आहे. मी तर त्यांचं बोलणं प्रत्येक भेटीत टिपून घेतो." त्यानं खिशातली छोटी वही दाखवली. "तुमच्या भाषेवर माझं प्रेमच बसलंय. मले लय गोड लागून राहिली!"

गजेंद्रभाऊ हसले. "चार महिन्यांत पक्का वऱ्हाडी झाला पाहा. काल दिवसभर ताप होता म्हने, तरी संध्याकाळी याची बडबड चालूच."

"ताप होता का?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"थोडा. खोलीतच पडून होतो," प्रीतम म्हणाला.

"अन् तुमी, गजेंद्रभाऊ?"

गजेंद्रभाऊंच्या कपाळाला आठी पडली. "मी कोठी होतो ते पोस्टाले काहून पाह्यजे? तेल्हाऱ्याले होतो, सोयऱ्याकडे. संध्याकाळी आलो." मग आवाज जरा उतरला. "बाई, मी बुढ्यावर भरोसा ठेवला. साऱ्यायनं सांगतलं, पुन्या-मुंबईले द्या. मी म्हनलं, नाही, आपल्याच मानसाच्या हातानं होईन. अन् त्यानं मले चिठ्ठी लिवून तोंड दाखवाची सोय नाही ठेवली."

"नाकाचं आम्ही पुण्याला बघतो," प्रीतम मऊ आवाजात म्हणाला. "आठ दिवसांत उभं करू. काकांना आता त्रास नको."

वच्छलाबाई उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "गजेंद्रभाऊ, एक विनंती होती. उद्या ट्रकमंधी ते ओसरीवरची गादी टाकून आना. उघडा पत्रा हाये, घासला जाईन. गाडीखाली अंथरू."

"आनतो. त्यात काय?"

प्रीतम वहीत काहीतरी लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही.

परतीच्या एस.टी.त त्यांना एवढं कळलं होतं, की नाक अकोल्यात आहे. जीपमधून, गादीवर पालथं पडून आलं. पण कोणी आणलं? जीप गजेंद्रभाऊंची. ताप प्रीतमचा, पण त्याचा ताप पाहिला कोणी? आणि किल्लीची जागा नितेशसकट साऱ्यांना माहीत. चिठ्ठी तर प्रत्येकाच्याच बाजूनं बोलत होती आणि जानरावांच्या विरुद्ध.

४

शुक्रवारी सकाळी गोपद्मं पुरी होईनात. दोनदा मोजदाद चुकली. पोथी उघडली तर ओळ पुढे सरकेना. इतक्यात गल्लीतल्या बेबीताई दारात येऊन ठाकल्या.

"वच्छलाताई, एक अर्ज लिवून द्या वं. तुमच्यासारखं कोनाले नाही येत."

नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कोरा कागद घेऊन त्या ओट्यावर बसल्या. एकतीस वर्षं हेच केलं होतं. मनीऑर्डरच्या खिडकीतून अर्धं दर्यापूर त्यांच्याकडून पत्रं लिहून घ्यायचं.

"सांगा."

"लिवा. मले तीन महिन्यांपासून राशन भेटून नाही राहिलं. दुकानवाल्याले इचारलं तं तो मले हाकलून देते. मी एकटी बाई, मले कोनी नाही."

पेन सरसर चाललं. बेबीताईंनी कागदात डोकावून पाहिलं आणि खूश होऊन मोठ्यानं, अडखळत वाचलं: "मला गेल्या तीन महिन्यांपासून रेशन मिळत नाही. दुकानदारास विचारणा केली असता ते मला..." त्या थांबल्या. "पाहा! हे असं मले कधी लिवता येईन?"

वच्छलाबाईंचं पेन कागदावरच राहिलं.

"काय झालं वं, ताई?"

"बेबी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तू स्वतः लिवला असता तं तू काय लिवलं असतं? 'मले' का 'मला'?"

"येडी झाली का तुमी? कागदावर कोनी 'मले' लिवते का? शाळेत मास्तरनं छड्या मारल्या असत्या."

बाहेर गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला. वच्छलाबाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि देवापुढे एक क्षण हात जोडले. दातातली बडीशेप निघाली होती.

आता फक्त एकच अडचण होती. त्यांना कोणाचंही नाव घ्यायचं नव्हतं.

५

शेडमध्ये सगळे जमले होते. गजेंद्रभाऊ गाडीभोवती फेऱ्या मारत होते. प्रीतम दोर तपासत होता. नितेश भिंतीला टेकून, दामिनी वडिलांजवळ. जानराव स्टुलावर बसून गाडीच्या उघड्या तोंडाकडे पाहत होते. हात मांडीखाली दाबून धरले होते, थरथर कोणाला दिसू नये म्हणून.

"गजेंद्रभाऊ, गाडी नेता त्याच्या अगोदर एक कागद होऊन जाऊ द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "जानरावभाऊ आपल्या तोंडानं सांगतीन. तुमी चौघंही लिवून घ्या, ज्याची त्याची एकेक प्रत. मंग कोनाची कोनावर तक्रार नाही राहनार."

"चार प्रती? झेरॉक्स काढू ना," नितेश म्हणाला.

"हातानं लिवलेलं बरं असते, बाप्पा. पोस्टाची सवय."

गजेंद्रभाऊंनी घड्याळ पाहिलं, पण कागद घेतला. दामिनीनं घेतला. नितेशनं पुठ्ठ्याचा तुकडा मांडीवर ठेवला. प्रीतमनं आपली वही उघडली.

"सांगा, जानरावभाऊ. जे खरं हाये ते."

जानरावांनी घसा साफ केला. "लिवा. म्या, जानराव तायडे, या गाडीचं सारं पत्राकाम केलं. नाक बी म्याच करून देल्लं. ते कोठी गेलं ते मले मालूम नाही. माह्या मनात कोनाबद्दल काई नाही. गाडी सुखानं न्या."

शेडमध्ये फक्त पेनांचा आवाज होता. दामिनीच्या डोळ्यांतून एक थेंब कागदावर पडला. तिनं तो मनगटानं टिपला.

"आता ज्याचं त्यानं वाचून दाखवा. गजेंद्रभाऊ, तुमी पह्यले."

गजेंद्रभाऊंनी चष्मा लावला. "मी, खाली सही करणार जानराव तायडे, लिहून देतो की सदर गाडीचे सर्व पत्राकाम मी केले आहे. नाकसुद्धा मीच करून दिले. ते कुठे गेले याची मला माहिती नाही..."

"बस. दामिनी?"

"मी, जानराव तायडे, या गाडीचे सर्व पत्राकाम केले. नाकही मीच करून दिले. ते कुठे गेले ते मला माहीत नाही."

"नितेश?"

"मी नापास झालेला हाये, हसू नोका," नितेश म्हणाला आणि वाचलं: "मी जानराव तायडे, या गाडीचे सगळे काम मी केले. नाक पण मीच केले. ते कुठे गेले मला ठाऊक नाही."

"प्रीतमभाऊ?"

प्रीतमनं सराईतपणे वाचलं. हेल अगदी तंतोतंत. "म्या, जानराव तायडे, या गाडीचं सारं पत्राकाम केलं. नाक बी म्याच करून देल्लं. ते कोठी गेलं ते मले मालूम नाही..."

तो थांबला. दामिनीनं वडिलांच्या खांद्यावरचा हात काढून तोंडावर ठेवला होता.

वच्छलाबाईंनी पिशवीतून ती चिठ्ठी काढून त्या तीन कागदांशेजारी ठेवली, वहीही घेऊन शेजारी मांडली. मग त्या दोन पावलं मागे सरल्या.

गजेंद्रभाऊ वाकले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "देल्लं," ते पुटपुटले. "दोन ल. मले... माह्या..." मग सरळ झाले. "च्या मायबीन! आमी बोलतो असं, पन लिवतो का कधी? माह्या बापानं जल्मात 'मले' लिवलं नसन. अन् बुढ्यानं लिवलं असं मी मानलं कसं?"

"कारन ते आपल्याले ऐकू आलं, भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले बी जानरावच बोलून राहिले असं वाटलं. तिथंच फसलो. मानूस बोलते घरच्या कपड्यात. पत्रात तो कोट घालून येते."

"एक मिनिट, एक मिनिट," प्रीतम हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "मी भाषेचा अभ्यास करतो. जसं ऐकलं तसं उतरवलं. हा काय पुरावा झाला?"

"नाही ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "म्हनून तं मी कोनाचं नाव नाही घेतलं. नितेश, ट्रकमधली गादी आन बरं."

६

गादी शेडच्या मधोमध पसरली. पांढऱ्या खोळीवर तो काळसर वेढा होता तसाच होता.

"जानरावभाऊ, नाकाच्या तोंडाचा फर्मा कोनता?"

जानराव उठले. भिंतीवरच्या खिळ्यांना पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेले होते, प्रत्येकावर मार्करनं नाव. 'उजवी कूस'. 'शेपूट, वरचा'. त्यांनी 'तोंड, समोरून' असं लिहिलेला लांबट पुठ्ठा काढला. वच्छलाबाईंनी खूण केली तसे ते गुडघ्यांवर बसले आणि तो पुठ्ठा डागावर ठेवला.

जरा सरकवला. मग बसला, डबीला झाकण बसावं तसा.

"अकोल्यापर्यंत रस्ता खराब," वच्छलाबाई म्हणाल्या. "पत्रा घासत गेला. त्याचा रंग सुटते, मी रोज कप घासते, मले मालूम हाये. हे गादी बुधवारी अमरावतीले आलती. त्या दिवशी जीप कोनी नेली, ते पार्बताबाईले मालूम नाही. पन गजेंद्रभाऊ तेल्हाऱ्याले होते, ते त्यांच्या सोयऱ्याले मालूम असंन."

"अन् तापात खोलीत पडून होता तो कोनाले मालूम?" गजेंद्रभाऊ प्रीतमकडे वळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता, आणि म्हणून जास्त भीती वाटत होती. "कोठी हाये माह्या आजोबाच्या गाडीचं नाक?"

प्रीतमनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. शेवटी त्याची नजर जानरावांवर थांबली. तिथून हलली नाही.

"गोदामाबाहेर. बारदानाखाली." मग एका दमात म्हणाला, "मी पुण्यात सगळ्यांना सांगून बसलो होतो, पत्रा मी घडवलाय. माझ्या हातानं. मला नकाशा येतो काका, पण तुमच्यासारखं बोटाला दिसत नाही. वीस वर्षं प्रयत्न केला. आणि गजेंद्रजी म्हणाले, मिस्त्री गाडीजवळ उभा राहील. तुम्ही उभे राहिलात की माझं खोटं उघडं पडलं असतं. ती टिंबं घासून काढायला घेतली होती. तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"दुखवाचं नव्हतं?" दामिनी पुढे झाली. "दोन दिवस मी बाबाकडे येड्या मानसाकडे पाहावं तसं पाह्यलं! नाक चोरलं असतं तं चोरलं असतं. तुमी त्यांचं डोकं चोरून राहिले होते!"

नितेशच्या मुठी वळल्या होत्या. जानरावांनी हातानं त्याला मागे सारलं. ते हसत होते. डोळे वाहत होते आणि ते हसत होते.

"म्हनजे म्या नाही लिवलं," ते म्हणाले. "दामिनी, म्या नाही लिवलं! माह्या डोक्यातला पेच ढिला नाही झाला!" मग प्रीतमकडे वळून, जणू कामातलीच चूक दाखवावी तसे म्हणाले, "तुले शिकाचं होतं तं मले सांगाचं होतं ना, बाप्पा. साबन म्या तुले दाखवला असता. जा आता."

प्रीतम गेला. त्याला बसस्टँडवर कोणी सोडायला गेलं नाही.

संध्याकाळी गजेंद्रभाऊ स्वतः नाक घेऊन आले, मांडीवर बाळ घ्यावं तसं. आतल्या बाजूला कानस फिरली होती. दोन टिंबं गेली होती, तिसरं अर्धं उरलं होतं. जानरावांनी नाक वाळूच्या पिशवीवर ठेवलं, टिंबं मारायचा पोगर घेतला, छोटा हातोडा घेतला. हात थरथरत होता. पोगराचं टोक पत्र्याला टेकलं आणि थरथर थांबली.

टक्. टक्. टक्.

"पुन्याले मी बी येतो," जानराव म्हणाले. "गाडीजोळ उभा राह्याले."

"डॉक्टरले इचारून," दामिनी म्हणाली, आणि हसली.

गजेंद्रभाऊ दारात घुटमळले. "पोस्टबाई, तुमाले कधीपासून मालूम होतं, का तोच हाये?"

"कोन?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मी तं कोनाबद्दल काईच बोलली नाही."

शनिवारी त्या गोपद्मं काढायला बसल्या, तेव्हा उंबरठ्याशी पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा ठेवलेला होता. फर्म्यातून कापून उरलेला. पाऊल कुठेच उमटलं नव्हतं. ठेवणारा वळसा घालून गेला होता. काळ्या मार्करची जाड, चौकोनी अक्षरं होती.

*श्रीमती वच्छलाताई यांस जानराव तायडे यांचा सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, गुरुवारी सकाळी आपल्या रांगोळीवर माझा पाय पडला. तरी क्षमा असावी. माझी प्रकृती उत्तम आहे. आपली कळवावी. आपला नम्र.*

भिंतीपलीकडून हातोडीचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला.

"वच्छलाबाई! चिठ्ठी भेटली का वं?"

"भेटली, भाऊ."

एकतीस वर्षांत 'माझी प्रकृती उत्तम आहे' हे वाक्य त्यांनी हजारो पत्रांत लिहिलं होतं, वाचलं होतं आणि त्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. आज त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग तो पुठ्ठा देवघरात पोथीशेजारी उभा केला आणि गुरुवारची उरलेली सहा गोपद्मं आधी काढायला घेतली.